निरंक लिहू नये

नगरपालिकेच्या बांधकाम विभागात दोन बायका कारकून होत्या. वयाने मोठी ती थोरली आणि वयाने लहान ती धाकटी. दोघींना आईबापांनी ठेवलेली नावं होती, पण ती फक्त हजेरीपटावर वापरात होती. थोरलीकडे रस्त्यांचं टेबल होतं आणि धाकटीकडे उरलेलं सगळं. उरलेल्यात एक तळं होतं.

तळ्यात दोन हंस होते. दोन्ही फायबरचे, पायडल मारले की चालणारे. एकाची मान पूर्वी कधीतरी तुटली होती आणि जोडताना उलटी जोडली गेली होती, त्यामुळे तो पुढे जाताना मागे बघत असे. हे हंस धाकटीच्या काकांचे. काकांनी लग्न केलं नव्हतं. तिकीटखिडकीच्या मागे एक खोली होती, तिथे ते तीस वर्षं राहत होते आणि त्यांना विचारलं तर म्हणत, "संसार आहे की. दोन माणसं बसतील असे दोन."

गेल्या वर्षापासून तळ्याला काहीतरी झालं होतं. पाणी काळपट पडलं, वर तेलकट तवंग आला, मासे पोटं दाखवून तरंगू लागले. हंसात बसणारी माणसं कमी होत होत शेवटी दोनच उरली आणि त्यातले एक काका. तेव्हा नगरपालिकेच्या सभेत ठराव झाला की तळं बुजवून तिथे पार्किंग करावं. गावात गाड्या सहा हजार होत्या, हंस दोन. बहुमत कुणाचं हे उघड होतं. तळं साफ करायला बाहेरून पैसे मिळाले तर मात्र ठराव मागे घेऊ, अशी एक ओळ कुणीतरी शेवटी घातली होती, ती केवळ ठराव दयाळू दिसावा म्हणून.

ठराव झाल्याच्या दुसऱ्या दिवशी काका मोजपट्टी घेऊन धाकटीच्या घरी आले आणि बैठकीची खोली मोजू लागले.

"मान काढता येते," ते म्हणाले.

"कुणाची?" धाकटीच्या आईने विचारलं.

"हंसांची, वहिनी. म्हणजे दारातून आत येतील. एक या भिंतीला, एक गच्चीवर."

आई पोळी लाटत होती. लाटणं थांबलं नाही. "भावोजी, तुम्ही या. तुमचं ताट या घरात जन्मभर वाढलेलं असेल. पण हंस आले तर मी माहेरी जाईन."

आईचं माहेर भिंतीपलीकडच्या घरात होतं, त्यामुळे ही धमकी पोकळ नव्हती. एका खेपेत अमलात आणण्यासारखी होती.

काका मोजपट्टी गुंडाळत धाकटीला म्हणाले, "तुला म्हणून सांगतो पोरी. तळं आजारी आहे, मेलेलं नाही. आजाऱ्याला कुणी बुजवतं का?" आणि मग ते खिडकीची रुंदी मोजायला गेले. धाकटीला वाटलं की खिडकी मोजायची काही गरज नव्हती. त्यांना फक्त पाठ करून उभं राहायचं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने कपाटातली सगळी परिपत्रकं काढली. सातव्या गठ्ठ्यात तिला राज्य सरकारची एक योजना सापडली: रस्ते प्रकल्पांशी निगडित पर्यावरण सुधारणा अनुदान. रस्ता बांधताना निसर्गाचं नुकसान होतं, तर जिथे झालं तिथे तळी, झाडं, ओढे सुधारायला सरकार पैसे देतं, असा त्याचा अर्थ. म्हणजे आधी पायावर पाय द्यायचा आणि मग फुंकर घालायची. फुंकर घालायला सरकार तयार होतं. अर्जाची मुदत महिन्याच्या अखेरपर्यंत होती.

अर्जात चौदा रकाने होते. धाकटीने आठ एका दमात भरले. नववा असा होता: 'रस्ता प्रकल्पामुळे पर्यावरणाची झालेली हानी. (निरंक लिहू नये.)'

आणि गावात रस्ता एकच झाला होता, बाह्यवळण रस्ता. त्याने कुणाचीही हानी केली नव्हती.

हा रस्ता रस्तेसाहेबांचा. त्यांच्या नोकरीची सव्वीस वर्षं डांबर टाकण्यात आणि तेच पुन्हा उखडण्यात गेली होती. मग हा एक रस्ता त्यांच्या वाट्याला आला आणि त्यांनी त्यात जीव ओतला. झाड आलं, रस्ता वळवला. विहीर आली, वळवला. वारूळ आलं, वळवला. गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतचं सरळ अंतर सव्वादोन किलोमीटर होतं, रस्त्याने चार भरायचं. पलीकडे पोचलेले ड्रायव्हर खाली उतरून थोडा वेळ मैलाच्या दगडाला धरून उभे राहत. रस्त्याला 'निसर्गस्नेही' म्हणून सन्मानपत्र मिळालं होतं आणि ते रस्तेसाहेबांच्या खुर्चीमागे लावलेलं होतं. समोर बसणाऱ्याला साहेब आणि सन्मानपत्र यांच्यातलं एक काहीतरी बघावंच लागे.

धाकटी अर्ज घेऊन त्यांच्यासमोर बसली.

"साहेब, रकाना नऊमध्ये आपल्या रस्त्याने केलेली हानी लिहायची आहे."

"निरंक."

"निरंक लिहू नये असं छापलंय."

"मग रकाना चुकीचा छापलाय. सरकारला कळव."

"थोडीशी तरी झाली असेल ना साहेब. एखादं झुडूप."

"झुडूप मी स्वतः उपटून घरी नेऊन लावलं. आता फुलं येतात त्याला. बायको रोज दोन खुडते."

"गवत?"

रस्तेसाहेबांनी चष्मा काढला. "हे बघ बाळ. या रस्त्याने मुंगीलासुद्धा बाजूला हो म्हटलेलं नाही. आणि तू म्हणतेस मी लिहून देऊ की मी नासधूस केली? सहा महिन्यांनी निवृत्त होतोय मी."

धाकटी परत जागेवर आली. थोरली पेरू खात होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं, तिला नेहमीच सगळं ऐकू जात असे.

"अगं, हानी नसेल तर करून घे," थोरली म्हणाली. "दोन झाडं पाड. मग अनुदान घे आणि दोनशे लाव. यात रडण्यासारखं काय आहे?"

"झाडं लावायला झाडं पाडायची?"

"मग काय आंबे पाडायचे?"

थोरली हे गमतीने म्हणाली होती. पण त्यांच्या कचेरीत एक पद्धत होती: जे तोंडी बोललं गेलं ते संध्याकाळपर्यंत टिपणीत यायचं. दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांकडून, म्हणजे मुख्याधिकाऱ्यांकडून, हिरव्या शाईत शेरा आला: 'प्रस्ताव चांगला आहे. पाडण्यास सोयीस्कर झाड शोधून कळवावे.' ती टिपणी उद्यान विभागात गेली. उद्यान विभागाने चार दिवसांनी उत्तर दिलं की आपल्या हद्दीत सोयीस्कर झाड नाही, सर्व झाडे गैरसोयीची आहेत. मोठ्या साहेबांनी त्यावर लिहिलं, 'मग लावून घ्यावे.'

तोवर मुदतीला नऊ दिवस उरले होते.

शनिवारी सकाळी धाकटी वही घेऊन बाह्यवळण रस्त्यावर चालत निघाली. खरोखरची हानी शोधायची, असं तिने ठरवलं होतं. खोटी नको, पाडलेली नको, आपली साधी, प्रामाणिक, झालेली हानी. पहिल्या किलोमीटरमध्ये तिला एक मेलेला सरडा दिसला आणि तिचं मन आनंदाने भरून आलं. जवळ जाऊन बघितलं तर तो चपलेचा अंगठा होता. दुसऱ्या किलोमीटरमध्ये एक वारूळ होतं, पण ते इतकं वाढलं होतं की रस्ता झाल्यावर मुंग्यांचं बरं चाललंय हे कुणीही सांगितलं असतं. झाडांवर पक्षी होते. विहिरीत पाणी होतं. रस्त्याचा तिला मनापासून राग आला.

चौथ्या वळणावर मागून स्कूटर आली. रस्तेसाहेब होते. डिकीत पाण्याने भरलेला पाच लिटरचा कॅन होता.

"थोरली म्हणाली तू माझ्या रस्त्यात खोट काढत हिंडतेयस."

"खोट नाही साहेब. हानी."

"चल. मी दाखवतो तुला हा रस्ता काय आहे ते."

मग ते दोघे वळणावळणावर थांबत निघाले. प्रत्येक वळणावर रस्तेसाहेब कॅनमधून थोडं पाणी रस्त्याच्या मधोमध ओतायचे आणि घड्याळ बघायचे. पाणी घाईघाईने कडेला जायचं, गटारात उतरायचं, आणि रस्ता कोरडा. "अकरा सेकंद," ते म्हणायचे. "दहा. परत दहा. गावातल्या रस्त्यांवर पाणी किती दिवस राहतं माहीत आहे? मुक्कामाला येतं. इथे थेंब थांबत नाही."

सातव्या वळणावर ते तळ्यापाशी पोचले. काका मागे बघणाऱ्या हंसात बसून चाळणीने तवंग काढत होते. रस्तेसाहेबांनी पाणी ओतलं. पाणी पळालं. "आठ," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात असा अभिमान होता की धाकटीला नाइलाजाने मान डोलवावी लागली.

तेवढ्यात खालून काहीतरी वाजलं. डबक्.

काकांनी चाळणी बाजूला ठेवली. "साहेब, परत एकदा ओता बरं."

रस्तेसाहेबांनी ओतलं. पाणी गटारात गेलं, गटारातून एका सिमेंटच्या नळीत शिरलं आणि झुडपांआडून तळ्यात पडलं. येताना त्याने रस्त्यावरचं तेल, डांबराची भुकटी, टायरची काळी पूड असं सगळं सोबत आणलं होतं. तळ्यावर एक छोटंसं इंद्रधनुष्य पसरलं.

"अच्छा," काका म्हणाले. "म्हणजे हे तुमचं होय. मी गेलं वर्षभर बघतोय, काळं येतं कुठून. मला वाटलं तळ्यालाच काहीतरी आतून होतंय."

रस्तेसाहेब नळीकडे बघत राहिले. धाकटीला हानी सापडली होती, रकाना नऊ भरेल एवढी आणि वर पुरवणी जोडावी लागेल एवढी. पण साहेबांचा चेहरा बघून तिने वही हळूच पिशवीत सरकवली.

"पण हे पाणी इकडे येतंच का?" काकांनी विचारलं. त्यांच्या आवाजात भांडण नव्हतं, नुसती चौकशी होती. "पलीकडे ओसाड खड्डा आहे मोठा. तिकडे का नाही गेलं?"

"वळण आहे ना," रस्तेसाहेब म्हणाले. "वळणाला आतल्या बाजूला उतार द्यावा लागतो. नाहीतर गाडी बाहेर फेकली जाते. तळं आतल्या बाजूला आलं."

"ते कळलं. पण वळण का आहे?"

"नकाशात आहे. भूरचनेमुळे."

काकांनी सावकाश इकडून तिकडे बघितलं. तिथे झाड नव्हतं, विहीर नव्हती, वारूळ नव्हतं. तळ्याकाठची जमीन परातीसारखी सपाट होती. "कुठली भूरचना?"

रस्तेसाहेबांनी रुमालाने मान पुसली. "तुमच्या त्या हंसात तिघं बसतात का हो?"

"दोघं बसतात. पण बसा."

ते तिघे हंसात बसले. काकांनी पायडल मारत तळ्याच्या मध्यापर्यंत नेलं. तिथे, आजूबाजूला कुणी नाही अशी खात्री झाल्यावर, रस्तेसाहेब म्हणाले, "म्हैस होती."

"कुठे?"

"तिथे. मोजणीच्या दिवशी आखणीच्या बरोबर मधोमध बसली होती. मोजणीवाल्यांनी दोन तास वाट बघितली. ती उठेना. मग त्यांनी नकाशावर एक गोल काढला, आत लिहिलं 'अडथळा', आणि जेवायला गेले. मी कचेरीत बसून रस्ता आखला. मला वाटलं टेकाड असेल. आपला नियमच होता, टेकाड फोडायचं नाही. वळवला."

"तुम्ही बघायला नव्हता आला?" धाकटीने विचारलं.

"बाकी सगळीकडे आलो होतो. दोन-दोनदा. त्या दिवशी दाढ दुखत होती." त्यांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. "उद्घाटनाच्या दिवशी मोठे साहेब भाषणात म्हणाले, या रस्त्याचं प्रत्येक वळण म्हणजे निसर्गाला केलेला नमस्कार आहे. मी सातवं वळण बघायला इकडे आलो. म्हटलं आपण नमस्कार केला कुणाला. तर काही नाही. मग मोजणीवाल्यांना विचारलं."

काकांनी पायडल थांबवलं होतं. हंस आपोआप थोडा फिरला.

"वाईट वाटून घेऊ नका," काका म्हणाले. "म्हैस बसली की आमचेही वडील वळसा घालायचे."

सोमवारी अर्ज गेला. रकाना नऊ रस्तेसाहेबांनी स्वतःच्या अक्षरात भरून दिला. वाचताना धाकटीला तो हानीचा कबुलीजबाब आहे की रस्त्याची जाहिरात आहे ते कळेना, कारण सुरुवात अशी होती: 'सदर रस्त्याची निचरा व्यवस्था इतकी उत्कृष्ट आहे की'. पण नुकसान सगळं होतं, तेलापासून माशांपर्यंत. फक्त रकाना दहामध्ये, हानीचं कारण, त्यांनी लिहिलं होतं, 'भूरचनेमुळे अपरिहार्य वळण'.

"साहेब," धाकटी म्हणाली.

"तेवढं राहू दे, बाळ," ते म्हणाले. तिने राहू दिलं.

बारा दिवसांनी राज्य कार्यालयातून तपासणी अधिकारी आल्या. उंच, वाळक्या, हातात पुठ्ठ्याची पाटी आणि तिला दोरीने बांधलेलं पेन. त्यांचं म्हणणं होतं की सगळं जागेवरच बघायचं. त्यामुळे सातव्या वळणावर मोठे साहेब, रस्तेसाहेब, धाकटी आणि हंसाला ओल्या फडक्याने पुसत असलेले काका अशी सगळी जमली. मोठ्या साहेबांच्या गाडीत पार्किंगचा नकाशाही गुंडाळून आणलेला होता, वेळ वाया जायला नको म्हणून.

तपासणीबाईंनी नळी बघितली. पाण्यात बोट बुडवून वास घेतला. काळ्या पाण्याची बाटली भरली. "हानी चांगली आहे," त्या म्हणाल्या. कौतुकाने नव्हे, पण धाकटीला आतून बरं वाटलं. मग त्यांनी पाटीवरचं पान उलटलं. "रकाना दहा. भूरचनेमुळे वळण. दाखवा."

"काय?" मोठे साहेब म्हणाले.

"भूरचना."

सगळ्यांनी सपाट जमिनीकडे बघितलं. जमिनीनेही काही मदत केली नाही.

"हे बघा," बाई म्हणाल्या, "हानी होते, त्याला मी काही म्हणत नाही, त्यासाठीच पैसे आहेत. पण अर्जात एक गोष्ट खोटी निघाली की अख्खा अर्ज बाद. मला सूट द्यायचा अधिकार नाही. टेकाड असेल तर दाखवा. नसेल तर मी इथे रेघ मारते."

पेन पाटीवर टेकलं. काकांचं फडकं हंसाच्या पाठीवर थांबलं होतं. धाकटी रस्तेसाहेबांकडे बघायचं नाही असं ठरवून मैलाच्या दगडाकडे बघत राहिली. तिला माहीत होतं, ती स्वतःही बोलू शकली असती. दोनच शब्द होते. पण ते तिचे नव्हते.

"म्हैस होती," रस्तेसाहेब म्हणाले.

मोठे साहेब त्यांच्याकडे वळले. "कोण होती?"

"म्हैस, साहेब. आखणीवर बसलेली. मोजणीवाल्यांनी अडथळा म्हणून नोंदवली आणि मी जागेवर न येता टेकाड समजलो. माझी चूक आहे. वळण तिच्यासाठी आहे."

तपासणीबाईंनी लिहायला सुरुवात केली. "उभी की बसलेली?"

"बसलेली."

"मालक?"

"माहीत नाही."

"सद्यस्थिती?"

रस्तेसाहेबांनी विचार केला. "उठली."

"कधी?"

"त्याच दिवशी. चारच्या सुमारास."

मोठ्या साहेबांनी रस्त्याच्या वळणावरून बोट फिरवलं. "म्हणजे," ते हळूहळू म्हणाले, "वर्षभर सगळं गाव, मी धरून, रोज एका उठून गेलेल्या म्हशीला वळसा घालतंय."

"हो साहेब."

"माझ्या गाडीतून मंत्री गेले इथून."

"त्यांनीही घातला, साहेब."

तपासणीबाईंनी जुनं कारण खोडलं, नवं लिहिलं आणि पाटी रस्तेसाहेबांपुढे धरली. "चूक अर्जदाराने तपासणीपूर्वी दुरुस्त केली, असं मी धरते. सही करा. वीस वर्षं मी ही योजना बघतेय. प्रत्येक अर्जात भूरचना असते. टेकाड एकदाही बघितलेलं नाही." मग त्यांनी खाली दोन ओळी लिहिल्या आणि मोठ्या साहेबांना वाचून दाखवल्या: गाळ काढणे, नळीच्या तोंडाशी पाणी गाळणारं लव्हाळ्याचं कुंपण, निचरा ओसाड खड्ड्याकडे वळवणे. शिफारस करण्यात येते. "पैसे तीन महिन्यांत येतील. तोवर तळ्याला हात लावायचा नाही. म्हणजे बुजवायला."

मोठ्या साहेबांनी गाडीतल्या गुंडाळलेल्या नकाशाकडे बघितलं. "ती पार्किंगची फाईल बांधून ठेव," ते धाकटीला म्हणाले. मग जरा थांबून, खालच्या आवाजात, "आणि त्या भाषणाची प्रत आहे का कुठे?"

"थोरल्या बाईंकडे आहे, साहेब. पाठ आहे त्यांना."

मोठे साहेब गाडीत जाऊन बसले.

काका पाण्यात गुडघाभर उतरले आणि विनाकारण हंसाची दोरी सोडून परत बांधली. मग पुन्हा सोडली. धाकटी त्यांच्याजवळ गेली तेव्हा ते म्हणाले, "गाठ नीट बसत नाहीये," आणि नाक ओढलं. गाठ व्यवस्थित होती.

मोठ्या साहेबांच्या गाडीचा हॉर्न वाजला. कचेरीत बैठक होती. धाकटी फाईल काखेत घेऊन वर आली तर रस्तेसाहेब दिसेनात. ते झुडपांआड, नळीच्या तोंडाशी, पँट वर दुमडून उकिडवे बसले होते आणि एकावर एक दगड रचत होते.

"साहेब, गाडी थांबलीय."

"तुम्ही व्हा पुढे. तीन महिने म्हणाल्या त्या. तीन महिन्यांत किती पाऊस पडेल, हिशोब कर." त्यांनी एक दगड उचलला, वळवून बघितला, टाकून दिला. दुसरा घेतला. "इथून अडवलं की ते पलीकडच्या खड्ड्यात जाईल. निदान निम्मं."

काका काठावरून म्हणाले, "तो चपटा घ्या. नाही, त्याच्या पलीकडचा."

हॉर्न पुन्हा वाजला. धाकटीने फाईल झुडपाच्या फांदीत नीट अडकवली, गाडीला हाताने जा अशी खूण केली आणि खाली उतरली.

"वरचा हलतोय का बघ," रस्तेसाहेब म्हणाले.

तिने त्यावर पाय ठेवला, मग दुसराही, आणि सगळं वजन टाकून उभी राहिली.

"हलत नाही."

"दोनदा बघ," ते म्हणाले. "मी इथे आहे."